‘हे काही पटत नाही’ : न्यायालयीन मालिका आणि कथानकाची संभवनीयता

कथनात्मक साहित्याच्या घटकात आपण ‘संभवनीयता’ ही संज्ञा अभ्यासली आहे. ही संज्ञा शिकविताना आम्ही अध्यापक मंडळी बहुधा कादंबरीची उदाहरणे देतो. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी रोज सायंकाळी ज्या कथनप्रकाराची सर्वांत कठोर समीक्षा होते तो प्रकार कादंबरी नव्हे. ती दूरचित्रवाणीवरील मालिका होय. भाकरी थापता थापता किंवा दुसऱ्या पाळीहून परतल्यावर जेवता जेवता प्रेक्षक म्हणतो, ‘हे काही पटत नाही बुवा!’ हे एक वाक्य म्हणजे समीक्षाच आहे. प्रस्तुत लेखात या वाक्याचा विचार न्यायालयीन मालिकांच्या संदर्भात करावयाचा आहे, कारण ‘पटणे’ हाच ज्या संस्थेचा व्यवसाय आहे अशी न्यायालय ही एक जागा आहे.

प्रथम भाषेकडे पाहू. मराठीत ‘पटणे’ आणि ‘मानणे’ ही दोन क्रियापदे अर्थाने जवळची वाटतात. त्यांची वाक्यरचना मात्र भिन्न आहे. आपण ‘त्याने मानले’ म्हणतो, पण ‘त्याला पटले’ म्हणतो. पहिल्या वाक्यात मानणारा कर्ता आहे; मानणे हे त्याचे कृत्य आहे, ते तो ठरवून करू शकतो. दुसऱ्या वाक्यात ती व्यक्ती चतुर्थीत गेली आहे. पटणे तिच्या बाबतीत घडते, तहान लागावी किंवा एखादी गोष्ट आठवावी तसे. ‘तू हे मान’ अशी आज्ञा करता येते. ‘तुला हे पटू दे’ अशी फार तर विनवणी करता येते. इंग्रज कवी कोलरिज याने १८१७ साली वाचकाच्या अविश्वासाच्या ऐच्छिक स्थगितीची जी कल्पना मांडली ती मराठी व्याकरणाच्या परिभाषेत ‘मानणे’ आहे. रंगमंचावरचा पुठ्ठ्याचा वाडा आपण वाडा मानतो. त्या वाड्यात राहणारी थोरली सून अमुक प्रसंगी अमुक वागली हे मात्र आपल्याला पटावे लागते. मालिकेचा लेखक आपल्याकडून मानून घेऊ शकतो. पटवून घेण्याचे काम त्याला स्वतःलाच करावे लागते.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. स्टार प्रवाह वाहिनीवर ५ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘ठरलं तर मग’ ही मालिका आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाची असेल. ‘रोजा’ या तमिळ मालिकेवरून ती बेतलेली आहे. आश्रमात वाढलेली सायली, तिचा सांभाळ करणारे व खुनाच्या आरोपात अडकलेले मधुभाऊ, आणि त्यांचा खटला लढविणारा नामवंत वकील अर्जुन सुभेदार ही तिची मध्यवर्ती माणसे. मधुभाऊंची सुटका व्हावी म्हणून सायली अर्जुनशी कराराने लग्न करते. जुई गडकरी व अमित भानुशाली यांच्या या भूमिका घराघरांत पोहोचल्या. प्रस्तुत लेखकही ही मालिका पाहतो. रोज नव्हे, पण समीक्षकाला शोभणार नाही इतक्या नियमाने पाहतो.

या मालिकेची पहिलीच मांडणी कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. हिंदू विवाह हा कागदावर सही करून ठराविक काळापुरता करता येत नाही आणि कागद फाडून संपविताही येत नाही. तो संपवावयाचा तर न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा असला तरी किमान एक वर्ष विभक्त राहिल्याचे दाखवावे लागते. असा करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध म्हणून मुळातच निरर्थक ठरण्याचा संभव फार. आणि तो तयार करणारा कोण, तर नामवंत वकील! कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही असा कागद अशिलाला देणार नाही.

तरीही हा दोष मी दोष मानत नाही. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात याविषयी फार व्यवहारी भूमिका घेतली आहे : अतर्क्य गोष्ट असावयाचीच असेल तर ती कथानकाच्या ओघाबाहेर, त्याच्या आरंभापूर्वी असावी. ओघात आल्यावर मात्र प्रत्येक घटना आधीच्या घटनेतून निघाली पाहिजे. कराराचे लग्न ही मालिकेची प्रवेशपत्रिका आहे. ती आपण मानतो, कारण ती मानल्याशिवाय आतच जाता येत नाही. लेखकाला एक असत्य फुकट मिळते. प्रश्न पुढच्यांचा आहे.

आणि पुढचे पहिलेच पाऊल मला अडखळविते. आरोपी अटकेत आहे, त्याच्याकडे पैसा नाही, म्हणून वकिलासाठी मुलीने आपले आयुष्य गहाण टाकावे असा हा प्रसंग. वस्तुतः विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ अन्वये अटकेत असलेल्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. इतकेच नव्हे, स्त्रियांनाही तो उत्पन्नाची अट न लागता आहे. जिल्हा व तालुका पातळीवर त्यासाठी यंत्रणा आहे. मी पाहिलेल्या भागांत तरी सायलीला कोणी हे सांगितले नाही. याने कथानक मोडले असते का? मुळीच नाही. ‘सरकारी खर्चाचा वकील मिळेल, पण मला अर्जुन सुभेदारच हवेत’ असे एक वाक्य तिच्या तोंडी घातले असते, तर तिची निवड अधिक हट्टी, अधिक माणसासारखी आणि म्हणून अधिक पटणारी झाली असती. माहिती दिल्याने नाट्य कमी होते हा पटकथालेखकांचा एक जुना गैरसमज आहे. शिवाय त्या एका वाक्याने लाखो घरांत एक उपयुक्त गोष्ट पोहोचली असती. पण तो मुद्दा समीक्षेचा नव्हे, म्हणून येथेच सोडतो.

न्यायालयाच्या देखाव्याविषयी तक्रारी पुष्कळ केल्या जातात. न्यायाधीश लाकडी हातोडा आपटतात, साक्षीदार गीतेवर हात ठेवतो, वकील ‘मी लॉर्ड’ म्हणत येरझाऱ्या घालतो. आपल्या न्यायालयांत हातोडा सहसा दिसत नाही. शपथ १९६९ च्या अधिनियमातील नमुन्याप्रमाणे, ईश्वराला साक्षी ठेवून किंवा गंभीरपूर्वक प्रतिज्ञा करून, तोंडी घेतली जाते. संबोधनाविषयी भारतीय विधिज्ञ परिषदेने २००६ सालीच सांगून ठेवले आहे की दुय्यम न्यायालयांत ‘सर’ किंवा प्रादेशिक भाषेतील तत्सम शब्द पुरेसा आहे; आपल्याकडे ‘साहेब’ चालतेच. पण या चुका पुठ्ठ्याच्या वाड्यासारख्या आहेत. त्या मानता येतात. त्यांवर हसून प्रेक्षक पुढे जातो आणि समीक्षकानेही जावे.

मानता न येणारी गोष्ट निराळी आहे, आणि तेथे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला थोडे थांबावेसे वाटते. मालिकेतील उलटतपासणी ही उलटतपासणी नसतेच. ते भाषण असते. वकील साक्षीदाराकडे पाठ फिरवून दोन मिनिटे बोलतो, शेवटी गर्रकन वळून ‘बोला, खरं आहे की नाही हे?’ असे गरजतो, आणि साक्षीदार कोसळतो. प्रत्यक्षात उलटतपासणीचे प्रश्न आखूड असतात, इतके की ऐकणाऱ्याला कंटाळा यावा. ‘तुम्ही त्या वेळी जिन्यात होता?’ ‘जिन्यात दिवा होता?’ ‘दिवा कोणत्या मजल्यावर होता?’ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ यांच्या आसपासचे. ज्याने साक्षीदार आणला त्याने सरतपासणीत सूचक प्रश्न विचारू नयेत, उलटतपासणी घेणाऱ्याने विचारले तर चालतात, हा नियमच मुळी प्रश्नाच्या भाषिक घडणीविषयी आहे. ‘तुम्ही काय पाहिले?’ आणि ‘तुम्ही त्याला पळताना पाहिलेत ना?’ यांतील फरक कायद्याने ओळखला आहे. ‘चाकू कुठे फेकलास?’ या प्रश्नात चाकू होता आणि तो फेकला ही दोन विधाने प्रश्नाच्या पोटात लपवून आणलेली असतात. आपण अर्थविचाराच्या घटकात जिला पूर्वगृहीत म्हणतो, ती हीच.

याहून मौजेची गोष्ट म्हणजे नोंद. साक्षीदार बोलतो प्रश्नोत्तरांत. साक्ष लिहिली जाते ती बहुधा सलग निवेदनात, प्रथमपुरुषी. वकिलाने सुचवायचे, साक्षीदाराने नाकारायचे, आणि कागदावर यायचे : हे म्हणणे खरे नाही की, मी त्या दिवशी घटनास्थळी हजर नव्हतो. मराठी साक्षीपत्रांत अशा वाक्यांच्या रांगा असतात. शब्द वकिलाचे, नकार साक्षीदाराचा, वाक्य न्यायाधीशांनी सांगितलेले, आणि खाली सही ज्याची त्याची! राज्य शासनाने १९९८ साली जिल्हा व दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरविली, त्यामुळे ही वाक्यरचना आता मराठी गद्याचाच एक प्रकार आहे. तिचा अभ्यास व्हावयास हवा तेवढा झालेला नाही. एखाद्या मालिकालेखकाने ही भाषा नुसती कानांनी टिपली, तरी त्याला भाषणांची गरज उरणार नाही असे माझे मत आहे.

या मताला पुरावा आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट २०१४ साली व्हेनिस येथे दाखविला गेला, पुढे त्याला सर्वोत्कृष्ट कथाचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नारायण कांबळे या लोकशाहिराच्या गाण्यामुळे एका गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली, असा त्यात आरोप आहे. आरोप अतर्क्य आहे. पण तो मानल्यावर पुढे एकही गोष्ट न पटणारी नाही. सरकारी वकील कलमे वाचत राहतात, न्यायाधीश लेखनिकाला मजकूर सांगतात, तारीख पडते. बाह्या नसलेला पोशाख केला म्हणून एका स्त्रीचे प्रकरण त्या दिवशी ऐकले जात नाही. मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष तर प्रत्येक कथालेखकाने पाहावी. नवरा कामावर काय घालून जात असे, काय साहित्य मिळत असे, आत उतरण्यापूर्वी वायूचा अंदाज कसा घेत असे, असे साधे प्रश्न. ती तितक्याच साधेपणी सांगते की झुरळे बाहेर येतात का ते पाहून मग तो उतरत असे. आवाज चढत नाही, पार्श्वसंगीत नाही. आत्महत्येची संपूर्ण कथा तेवढ्याने ढासळते. कोणालाही गुन्ह्याची कबुली द्यावी लागत नाही.

याउलट, कायद्याच्या दृष्टीने सर्वथा खोटे न्यायालय कलेच्या दृष्टीने खरे असू शकते, हेही आपल्याच रंगभूमीने दाखविले आहे. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगमंचावर आले. त्यातले न्यायालय अभिरूप, म्हणजे खेळातले. त्यात न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतात, आणि गावातला भाबडा सामंत हातातल्या कादंबरीच्या आधाराने साक्ष रचतो. कोणत्याही खऱ्या न्यायालयात हे क्षणभर टिकणार नाही. पण बेणारेबाईंभोवती जमलेली ती माणसे तशीच वागणार याविषयी प्रेक्षकाला शंका येत नाही, कारण प्रत्येकाचा हेतू त्याच्या बोलण्यातून आधीच कळलेला असतो. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ज्याला औचित्य म्हटले ते हेच असावे : ज्याचे जे, त्याला शोभेल असे. तेव्हा कायद्याचे पुस्तक हाती घेऊन मालिका तपासणाऱ्या प्रेक्षकाशीही मी पूर्ण सहमत नाही. कलमाची चूक आणि माणसाची चूक या दोन निरनिराळ्या चुका आहेत.

मालिकांवरील माझा खरा आक्षेप त्यांच्या शेवटाविषयी आहे. कोणतीही न्यायालयीन मालिका घ्या. निरपराध माणूस सुटतो तो खरा गुन्हेगार भर न्यायालयात सापडतो तेव्हाच. अखेरच्या क्षणी कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन धावत येते, पडद्यावर चित्रफीत लागते, खलनायिका किंचाळत कबुली देते. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागते, वकिलाने स्वतः शोधलेल्या पुराव्याचा तो वकीलच साक्षीदार ठरू शकतो आणि मग त्याला ते प्रकरण चालविणे अवघड होते, या गोष्टी तूर्त बाजूला ठेवू. अडचण याहून खोल आहे. कायद्यात आरोपीने आपले निरपराधित्व सिद्ध करावयाचे नसते. अभियोग पक्षाने अपराध सिद्ध करावयाचा असतो, आणि त्यात वाजवी संशयाला जागा उरली तर आरोपी सुटतो. खरा गुन्हेगार कोण हे कधीच कळले नाही तरी सुटतो. मालिका मात्र आपल्याला वर्षानुवर्षे शिकवीत आली आहे की दुसरा कोणी उभा केल्याशिवाय पहिला निर्दोष नाही.

हे शिक्षण वाया जात नाही, ते मनात बसते. नवी मुंबईतील एका अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रात हाच विषय निघाला असता वर्गातील एक प्रौढ विद्यार्थी म्हणाले की त्यांचा भाऊ काही वर्षांच्या खटल्यानंतर सुटला, निकालपत्रात पुराव्यातील त्रुटी सविस्तर दिल्या होत्या. तरी इमारतीत भेटणारा प्रत्येक जण विचारी, ‘सुटला ते चांगलं झालं, पण मग केलं कोणी?’ त्यांनी निकालपत्राची नक्कल काढून घरात ठेवली आहे. आजवर कोणी ती वाचावयास मागितली नाही. वर्गात त्यानंतर थोडा वेळ कोणी बोलले नाही. माझ्या टिपणात पुढचा मुद्दा ॲरिस्टॉटलचा होता. तो मी त्या दिवशी घेतला नाही.

पटण्याजोगी कथा आणि सिद्ध झालेली गोष्ट यांतील अंतर ही केवळ मालिकेपुरती बाब नाही, याला आपल्या मुंबईचाच इतिहास साक्षी आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी आपल्या पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्यावर गोळ्या झाडल्या. झटापटीत पिस्तूल चालले, असा बचाव होता. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ असा कौल दिला. कथा म्हणून तो कौल अत्यंत पटणारा होता : गणवेशातला सरळ अधिकारी, दुखावलेला पती, श्रीमंत विलासी प्रियकर. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने ती कथा आठवड्यामागून आठवडा चालविली. आजच्या भाषेत तिला मालिकाच म्हणता येईल. सत्र न्यायाधीशांना मात्र कौल मान्य झाला नाही, प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेले, आणि तेथे एका टॉवेलला महत्त्व आले. आहुजा नुकताच स्नान करून टॉवेल गुंडाळून बाहेर आला होता. दोन धडधाकट पुरुषांची झटापट झाली, आणि कमरेचा टॉवेल जागचा हललाही नाही? उच्च न्यायालयाने नानावटींना दोषी ठरविले, १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले.

ज्यूरीही ‘हे पटते’ म्हणाली आणि न्यायाधीशही ‘हे पटत नाही’ म्हणाले. ज्यूरीने पाहिले ते पात्र. न्यायालयाने पाहिला तो टॉवेल. साक्षीच्या कायद्यात, मग तो १८७२ चा असो वा १ जुलै २०२४ पासून लागू झालेला नवा भारतीय साक्ष्य अधिनियम असो, ‘सिद्ध’ या शब्दाची व्याख्या संभवनीयतेवरच आधारलेली आहे : विचारी मनुष्य ज्या गोष्टीचे अस्तित्व इतके संभवनीय मानेल की तिच्यावर विसंबून वागेल, ती सिद्ध. म्हणजे आपण ज्या संज्ञेची व्याख्या परीक्षेसाठी पाठ करतो ती शेजारच्या न्यायालयात रोज सकाळी अकरा वाजता कामाला लागते. फरक असा की तेथे ‘मानण्या’ची सवलत नाही.

दैनंदिन मालिकेच्या लेखकाची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. आठवड्याला सहा-सात भाग, प्रत्येक भागाच्या शेवटी उत्कंठा, दर आठवड्याला येणारे प्रेक्षकसंख्येचे आकडे. या घाईत टॉवेल शोधावयास वेळ कोठून असणार! गंमत अशी की खऱ्या न्यायालयाइतकाच मालिकेतील खटलाही लांबतो. तेथे तारखा पडतात, येथे एकेका वाक्यावर सहा चेहरे दाखविले जातात. पण लांबी हा बहाणा होऊ शकत नाही. उलट वर्षभर चालणाऱ्या कथेलाच टॉवेलसारखा तपशील आरंभी ठेवून शेवटी उचलण्याची सोय असते. तीन तासांच्या चित्रपटाला ती नाही.

या घटकाच्या स्वाध्यायासाठी कोणत्याही न्यायालयीन मालिकेचा एक भाग निवडावा व त्यातील एका साक्षीतील प्रश्न जसेच्या तसे उतरवून काढावेत. किती प्रश्न आहेत आणि किती भाषणे, किती प्रश्नांत पूर्वगृहीत दडले आहे, आणि कोणते उत्तर आधीच्या कोणत्या तपशिलातून निघाले, हे पाहावे. शक्य असेल त्यांनी रजेच्या एखाद्या दिवशी बेलापूर, पनवेल, ठाणे अथवा आपल्या तालुक्याच्या न्यायालयात अर्धा दिवस बसून यावे. आपल्याकडील न्यायालये सर्वसाधारणपणे खुली असतात आणि मागच्या बाकावर बसणाऱ्यास कोणी कारण विचारीत नाही. मोबाइल बंद ठेवावा आणि साक्ष चालू असताना उठू नये. बहुतेक वेळ तारखाच पडतील. मात्र एखादी साक्ष ऐकावयास मिळाली, तर न्यायाधीश लेखनिकाला सांगतात ते वाक्य आणि साक्षीदार बोललेले वाक्य, दोन्ही शेजारी शेजारी लिहून आणावीत.